माहेरची तपासणी

पत्र आलं तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजची बाही तिसऱ्यांदा उसवत होते, म्हणजे डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. वालूरला आमचं किराणा दुकान आहे आणि त्याच्या एका अंगाला माझं शिलाई मशीन. पाकिटावर नाव माझं असूनही पोस्टमननं ते सासूबाईंच्या हातात दिलं. गल्ल्यावर त्या बसतात, आणि गल्ल्यावर बसेल तो घरचा मालक असा आमच्या बाजारात समज आहे. आमच्या घरात तर तो कायदाच आहे.

सासूबाईंनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, आणि पत्र वाचलं. जिल्ह्यातली बालगृहं तपासणाऱ्या समितीत यापुढे एक माणूस स्वतः बालगृहात वाढलेला असावा असं ठरलं आहे, तरी आपण समितीवर यावं, असा मजकूर होता. खाली लिहिलं होतं की दर भेटीचं मानधन मिळेल, गाडीभाडं वेगळं.

मी बालगृहात वाढले हे काही गुपित नव्हतं. नवव्या वर्षी आत गेले, अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडले, आणि पुढं तिथूनच माझं लग्न लागलं. पण ती गोष्ट मी ब्लाउजच्या आतल्या शिवणीसारखी ठेवली होती. असते, पण कुणी उलटून दाखवत नाही. तिचे कुणी पैसे देईल हे तर स्वप्नातही आलं नव्हतं. याच्या आधी दोनदा मला कार्यक्रमांना बोलावलं होतं, 'तुमचा अनुभव सांगा' म्हणून. मी सांगितला, लोकांनी डोळे पुसले, मला शाल आणि नारळ दिला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दिवसभर मशीन बंद ठेवून नारळ आणलास. नारळ तर आपणच विकतो."

आता त्यांनी पत्राची घडी घातली. "किती देतेत?"

"अस्तराच्या तीन ब्लाउजांएवढे."

"मग जा की. नऊ वर्षं राहिलीस तिथं, कुठंतरी कामाला येऊ दे."

त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे आमच्या बालगृहाच्या अधीक्षिका. ते कोणत्या गावाला आहे हे मी सांगणार नाही, कारण बाई सगळं वाचतात आणि मग फोन करतात. जुन्या वर्तमानपत्रावर माप आखून कापड बेतायला त्यांनीच मला शिकवलं. स्थळ त्यांनीच पाहिलं. आमच्या घरी आल्या, आधी स्वयंपाकघर बघितलं आणि मग मुलगा. लग्नात माझ्या बाजूनं त्या एकट्याच उभ्या होत्या, पण आवाज चाळीस माणसांचा होता. पंचमीला आणि दिवाळीला मी त्यांच्याकडेच जाते. इतर बायकांचं एका भावाशी बिनसलं तर दुसरा भाऊ असतो, मावशी असते, काही नाही तर चुलती असते. मला माहेर म्हणून हे एकच दार होतं, आणि हे मला चांगलंच ठाऊक होतं.

"तू समितीत हायस म्हणं," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"आणि पैसे घेणार हायस."

"ते सगळ्यांनाच देतेत बाई."

"सगळ्यांचं सोड. लेक माहेराला यायचे पैसे घेती का?"

मी म्हणाले, पैसे नकोत असं कळवते. गल्ल्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "खबरदार." तो फोनमधून बाईंनी ऐकला आणि फोन ठेवून दिला. या दोघींचं माझ्या लग्नापासून असंच चाललेलं आहे.

ठरल्या दिवशी जीप मला घ्यायला देवगाव फाट्यावर आली. पुढं अध्यक्षसाहेब बसले होते. निवृत्त अधिकारी, खिशाला तीन पेनं, मांडीवर तपासणीचा फॉर्म. मागं एक डॉक्टर आणि एक वकीलबाई. साहेब भला माणूस, पण मोजण्याचं त्यांना भारी वेड. बालगृहात गेल्या गेल्या त्यांनी खिडक्या मोजल्या, पंखे मोजले, पंख्यांची पाती मोजली. संडासाच्या कड्या लागतात का हे बघायला ते स्वतः आत गेले, आणि एक कडी इतकी पक्की लागली की डॉक्टरांना बाहेरून खांदा लावावा लागला. बाहेर आल्यावर साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'कड्या उत्तम.'

मग आम्ही भेटीच्या खोलीत बसलो. खोली होती तशीच होती, भिंतीच्या कडेनं लाकडी बाकडी आणि मध्ये टेबल. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी स्टीलच्या ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली. आणि मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं. त्या खोलीत माणसं बसली की आपण बसायचं नसतं, एवढं माझ्या पायांना पाठ होतं. मी तिच्या हातून ट्रे घेतला आणि साहेबांपासून सुरुवात केली. पेला वरून धरायचा नाही, रिकामा झाला की लगेच उचलायचा. सगळ्यांचं पाणी पिऊन झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी समितीची सदस्य आहे.

"वा, तुम्ही तर घरच्याच," साहेब म्हणाले. बाई खूश झाल्या.

ती मुलगी मात्र दाराशी तोंड फुगवून उभी होती. मी ट्रे परत द्यायला गेले तर हळूच म्हणाली, "ताई, ते माझं काम हाय. ट्रे तुमी घेतला, आता मी कुठं उभी राहू?"

हिला असं का वाटलं ते सांगते. आमच्याकडे रविवार हा भेटीचा दिवस, सकाळी नऊ ते बारा. ज्यांचं कुणी यायचं, आई, मामा, आजोबा, त्या मुली वेण्या घालून बाकड्यांवर बसायच्या. ज्यांचं कुणी यायचं नाही त्यांनी आलेल्या माणसांना पाणी द्यायचं. ही पद्धत बाईंनीच घातली होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरी कोपऱ्यात तोंड लपवून बसतात, त्यापेक्षा हाताला काम असलं की मन रमतं, असं त्यांचं म्हणणं.

नऊ वर्षांत मी एकही रविवार बाकड्यावर बसले नाही. कुणाची आई लाडू आणते, कुणाची रिकाम्या हातानं येऊन नुसती रडते, कोणता मामा भाचीपेक्षा घड्याळाकडं जास्त बघतो, मला सगळं माहीत असायचं. लोक पाणी पिऊन म्हणायचे, किती गुणाची पोर आहे. जिच्याकडं कुणी येत नाही तीच या घरात गुणाची पोर ठरते, हे त्यांना काय माहीत. तपासणीवाले आले, देणगीवाले आले, तरी ट्रे त्याच मुली आणायच्या. म्हणून ट्रे दिसला की मला पुढचं विचारावं लागत नाही. आणि त्या पोरीला आता ट्रेशिवाय उभं राहायला जागा नव्हती. मलाही नव्हती तेव्हा.

एवढं सगळं कळून मी काय केलं? फॉर्मवर सही केली. खिडक्या पुरेशा, पंखे चालू, पाणी शुद्ध. निघताना बाईंनी माझी ओटी भरली, खण दिला, लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. "पैसे घेतलेस तरी लेकच हायस," म्हणाल्या. मी पाया पडले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

घरी सासूबाईंनी ओटीतला नारळ बघितला. "पुन्हा नारळच का?" मग म्हणाल्या, "काय काय तपासलंस?"

"पाणी दिलं."

"कुणाला?"

"समितीला."

त्यांनी हातातली तागडी खाली ठेवली. मग मात्र मी सगळं सांगितलं, ट्रेचं, रविवारचं, त्या पोरीचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मध्ये एक गिऱ्हाईक खडीसाखर मागायला आलं, त्याला त्यांनी नंतर ये म्हणून हाकललं. सासूबाईंनी गिऱ्हाईक हाकललेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मग काहून लिहिलं न्हाईस?"

"बाईंना वाईट वाटंल. त्या सोडून मला कोण हाय?"

"ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण पैसे कशाचे देतेत तुला? फुकट गेली असतीस तर नारळ घेऊन गप बसायची मुभा होती. दाम घेतलं की माप पुरं द्यावं लागतं. किलोचे पैसे घेऊन पाऊण किलो देणारं घर न्हाई हे." मग बरणीचं झाकण उघडून एक फोड तोंडात टाकली. "लोणचं लय झकास हाय. पण लोणच्यानं तोंड बंद व्हायचं तर जेवताना होऊ दे."

मला राग आला. सासूबाईंचं खरं असलं की मला जास्तच राग येतो. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मानधन खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. शिलाईचे पैसे हातात आले की मला बरं वाटतं. हे पैसे बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्यातला एक पैसाही मी कमावलेला नव्हता.

पुढची भेट तीन महिन्यांनी झाली. भेटीच्या खोलीत तीच मुलगी, तोच ट्रे. मी दोन्ही पाय बाकड्याखाली एकमेकांत अडकवून बसले, नाहीतर ते पुन्हा निघालेच होते. पाणी समोर आलं तेव्हा तहान नाही म्हणाले. साहेबांनी फॉर्मचा एकेक रकाना भरत आणला. शेवटी एक रकाना असतो, 'इतर'. तो नेहमी कोरा राहतो.

"साहेब, मला तिथं लिहायचंय."

"लिहा की. बागेचं लिहा, बाग छान ठेवलीय."

"पाण्याच्या ट्रेचं लिहायचंय."

"त्यात काय लिहायचं? मुलींवर संस्कार आहेत, पाहुण्याला पाणी विचारतात."

"कोणत्या मुली विचारतात ते बाईंना विचारा."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी सरळ सांगून टाकलं, त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "ज्यांचं कुणी येत न्हाई त्या. तेवढंच मन रमतं पोरींचं." आणि माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "हिलाच विचारा की. हिचं लय रमायचं."

"न्हाई रमायचं, बाई," मी म्हणाले.

आवाज चढवला नव्हता मी. पण तिथं असताना नऊ वर्षं आणि नंतरच्या सगळ्या पंचम्या-दिवाळ्यांत हे एवढं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मला वाटलं, बाई आता चिडतील. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, बघितला आणि परत खोचला. दाराशी ती मुलगी ट्रे छातीशी धरून उभी होती. दिवसभर गप्प असलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "लिहा."

मी लिहिलं. ज्या मुलींना भेटायला कुणी येत नाही, त्यांच्याकडून पाहुण्यांना पाणी द्यायचं काम घेऊ नये. भेटीच्या दिवशी त्यांना वाटेल ते करू द्यावं. पाणी टेबलावर ठेवावं, ज्याला तहान लागेल तो उठेल. साहेब म्हणाले, शेवटचं वाक्य सरकारी वाटत नाही, खोडा. मी खोडलं नाही.

निघताना सवयीनं माझा पदर पुढं झाला, ओटी घ्यायला करतात तसा. बाई साहेबांना नमस्कार करत होत्या. त्यांनी माझ्या पसरलेल्या पदराकडं पाहिलं.

"समितीच्या लोकांची ओटी भरत नसतेत," त्या म्हणाल्या. "तुमी निघा मॅडम, गाडी थांबलीय."

जीपमध्ये मी रडले. साहेब बिचारे देवगाव फाटा येईपर्यंत रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजत राहिले. घरी सासूबाईंनी माझे रिकामे हात बघितले आणि पुन्हा गल्ला मोजायला लागल्या. जेवताना माझ्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा मात्र रोजच्या दुप्पट होता.

पंचमी आली, बाईंचा फोन आला नाही. गावात लेकी आल्या होत्या, हातावर मेंदी काढून झोक्याला चालल्या होत्या. ब्लाउज न्यायला आलेली प्रत्येकजण विचारायची, "यंदा माहेराला न्हाई गेल्या का?" मी म्हणायचे, ऑर्डरी लय हायेत. चौथ्या बाईला मी एवढ्या जोरात सांगितलं की तिनं घाबरून शिलाईची घासाघीसही केली नाही.

त्यानंतरच्या तपासणीला मी गेले. न जाऊन चालणार नव्हतं, दाम घेतलं होतं. टेबलावर पाण्याचा जग होता, शेजारी पेले पालथे घातलेले. साहेब उठले, स्वतः पाणी ओतून घेतलं, थोडं फॉर्मवर सांडलं. बाई मला मॅडमच म्हणत होत्या. त्या मुलीचा कुठं पत्ता नव्हता. शेवटी मीच विचारलं.

"झोपलीय," बाई म्हणाल्या. "शाळेला सुट्टी हाय ना. रविवारी बी दहा वाजेपर्यंत उठत न्हाई. आधी सहाला उठून पेले घासायची. तुमचंच हे पुण्य, मॅडम."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडक्या मोजायला लागले. पोर झोपली होती. लोकांच्या आया बघत उभी नव्हती, सरळ पांघरूण ओढून झोपली होती. त्या तीन अस्तरांच्या पैशात याहून चांगलं माप मी कधी घातलं नसेल.

मग निघताना मागं वळून बघितलं तर बाई एकट्याच पेले विसळत होत्या. आणि जीपमध्ये बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली, जी नऊ वर्षांत आली नव्हती. रविवारी नऊ ते बारा बाई कुठं असायच्या? दाराशी, भेटीची वही घेऊन. त्यांना रविवारी सुट्टी असायची, ती त्यांनी कधी घेतलेली मला आठवत नाही. दिवाळीतही नाही. आणि त्यांच्याकडं कुणी भेटायला आलेलंही मला आठवत नाही. हाताला काम असलं की मन रमतं, हे त्या कुणावरून शिकल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी मी सकाळीच आवरलं. सासूबाई गल्ल्यावरून बघत होत्या.

"आज तपासणी हाय का?"

"न्हाई."

"मग पैसे?"

"न्हाई."

"मग निघालीस कुठं दुकान सोडून?"

"बरणी द्यायची राहिलीय."

लोणच्याची बरणी केव्हाची धुवून फळीवर ठेवली होती. सासूबाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली. "रिकामी बरणी परत देतेत का कुणी?" आणि कारळाची चटणी भरायला लागल्या. गळ्यापर्यंत भरली, चमच्यानं दाबली, वर आणखी एक चमचा घातला. मग म्हणाल्या, "सांग तुझ्या बाईला, आमच्याकडं माप असं असतंय."

मी पोचले तेव्हा बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर वही. मला बघून त्यांनी मान वर केली.

"आज तपासणी न्हाई."

"भेटायला आलेय."

बाईंनी वही माझ्याकडं फिरवली. तारीख, येणाऱ्याचं नाव, कुणाला भेटायचं, नातं. नऊ वर्षं ही वही मी लांबून बघितली होती, हात लावायची वेळ कधी आली नव्हती. मी तारीख घातली. माझं नाव घातलं. 'कुणाला भेटायचं' खाली बाईंचं नाव घातलं, आणि 'नातं' खाली लिहिलं, लेक.

बाईंनी वही जवळ ओढली. ओळ एकच होती, पण त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"याचे पैसे भेटतेत का तुला?"

"न्हाई बाई."

त्यांनी वही मिटली, खुर्चीवर ठेवली आणि उठून आत भेटीच्या खोलीत गेल्या. बाकड्यावर एका बाजूला सरकून बसल्या. त्या बाकड्यावर बसलेल्या बाई मी पहिल्यांदा बघत होते. शेजारच्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"बस," म्हणाल्या. "भेटीची येळ बारापर्यंत हाय."

भिंतीवरच्या घड्याळात नुकते साडेनऊ झाले होते.